रताळ्यांना नव्वद मैल

टिपणीस भावजींना कुणी "भूक लागली" म्हटलं, तर ते घड्याळाकडे बघत नसत. गाडीच्या मीटरकडे बघत आणि म्हणत, "अजून अठरा मैल."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, अठरा मैलांवर एखादं हॉटेल असेल. तसं काही नव्हतं. अठरा मैल झाल्यावर त्यांनी गाडी एका रेस्ट एरियात घेतली, बॉनेट उघडलं, कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले आणि इंजिनाच्या पोटातून एकेक चंदेरी पुडकं बाहेर काढायला सुरुवात केली. बटाट्याची भाजी, लसूण घातलेली मुगाची उसळ आणि घट्ट झाकणाच्या एका डब्यात मऊ भात. आमची दोन्ही पोरं आ वासून उभी. मी डब्याला नाक लावून पेट्रोलचा वास येतोय का ते बघितलं. आला तो जिऱ्याचा.

"वास घ्या, वहिनी, लाजू नका," भावजी म्हणाले. "सगळेच घेतात."

ही गोष्ट साधारण पंच्याऐंशी सालची. आम्ही तेव्हा अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात नुकतेच राहायला आलो होतो. डेट्रॉइटच्या आसपास भेटणारा मराठी माणूस कुठल्या ना कुठल्या मोटार कंपनीतच असे, आणि पहिल्या पाच मिनिटांत गाडीच्या कुठल्या अवयवावर आपलं पोट चालतं ते सांगून टाके. माझा नवरा सुरेश ब्रेकवाला. टिपणीस एक्झॉस्टवाले. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा जो जाड बिडाचा नळ असतो त्याला मॅनिफोल्ड म्हणतात, आणि भावजींची निम्मी हयात त्या नळापायी गेली होती. पेट्रोल जाळून जी उष्णता होते तिच्यातली थोडीशीच गाडी ओढायला लागते, बाकी बरीचशी त्या नळावाटे हवेत जाते, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. "फुकट तापतंय हो, वहिनी," असं म्हणताना त्यांचा चेहरा घरचा नळ उघडा टाकून गावाला आलेल्या माणसासारखा होई.

म्हणून त्यांनी आपल्या स्टेशन वॅगनच्या मॅनिफोल्डवर तारेची एक जाळी बसवून घेतली होती. गाडी लांबलचक, बाजूंना लाकडाचं चित्र चिकटवलेली, आणि मुद्दाम आठ सिलिंडरची. चार सिलिंडरच्या जपानी गाड्यांबद्दल त्यांचं एवढंच मत होतं की त्यांच्यावर धड पोहेसुद्धा व्हायचे नाहीत. अंडी पंचवीस मैल, बटाटा पन्नास, भिजवलेल्या मुगाची उसळ साठ, आणि अख्खी रताळी नव्वद. हे मैल पंचावन्नच्या स्पीडचे. हायवेवर तेव्हा पंचावन्नचीच मर्यादा होती, आणि ती सरकारने पेट्रोल वाचवायला घातली आहे असं बाकीचे म्हणत. भावजींचं म्हणणं, साठला गेलं की करपतं आणि पन्नासला आलं की भात कच्चा राहतो, तेव्हा पंचावन्न हा आकडा कुणीतरी विचार करूनच ठरवलेला आहे.

एकदा हायवेवर पोलिसाने आम्हाला थांबवलं. भला थोरला गडी, टोपी कपाळावर ओढलेली. खिडकीशी वाकून म्हणाला, "सर, समथिंग इज बर्निंग इन युअर इंजिन."

"नो, ऑफिसर," भावजी शांतपणे म्हणाले. "नथिंग इज बर्निंग. दॅट इज गार्लिक. फोर मोअर माइल्स."

पोलिसाने बॉनेट उघडायला सांगितलं. भावजी म्हणाले, उघडतो, पण उसळ कच्ची राहील. सुरेशच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी बॉनेट उघडलं गेलं, पोलिसाने पुडकी पाहिली आणि एकाला बोट लावून चटका घेतला. जाताना त्याने बटाट्याला किती मैल लागतात ते विचारून घेतलं.

कॅम्पिंग हा प्रकार मला कधी कळला नव्हता. घरात गॅस, फ्रिज, नळाला गरम पाणी असताना ते सगळं टाकून जंगलात जायचं आणि धुराने डोळे चोळत बसायचं, यासाठी इथला माणूस रजा घेतो. सुरेशला मात्र हौस भारी. ट्रिप ठरली की त्याने नकाशे पसरायचे आणि मी कणीक, तिखट-मिठाच्या पुड्या, तवा, लाटणं बांधायचं. पाच दिवस सुट्टी म्हणजे पाच दिवस डासांमध्ये बसून पोळ्या लाटायच्या. टिपणीस भावजी आमच्याबरोबर यायला लागल्यापासून माझी त्यातून सुटका झाली, आणि म्हणून मी त्यांचे बाकीचे सगळे गुन्हे माफ करत आले.

तळ्याकाठच्या कॅम्पमध्ये पोचलो की सुरेश तंबू उभारायला घेई. तंबू दरवेळी एकीकडून उभा राही आणि दुसरीकडून बसे, आणि सुरेश तंबूला, पोरांना, मला, या क्रमाने ओरडायला लागे. भावजी घडीच्या खुर्चीत बसल्या बसल्या म्हणत, "सुरेश, फुकट तापू नकोस. तापायचंच असेल तर डोक्यावर दोन बटाटे ठेव." सकाळी आम्ही उठायच्या आत ते गाडी घेऊन तळ्याभोवती दोन चकरा मारत आणि उपमा घेऊन परत येत. शेजारच्या तंबूतले अमेरिकन लोक त्या वेळेला काहीतरी निमित्त काढून हातात कॉफीचा मग घेऊन आमच्या टेबलाशी घुटमळायला लागत. भावजी त्यांनाही वाढत.

या स्वयंपाकाचा त्यांचा एकच कायदा होता: कच्चं उतरवायचं नाही. मैल भरल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही, डोकावून बघायचं नाही, टोचून बघायचं नाही. पोरं भुकेने रडली तरी नाही. आणि मैल भरले की जे निघे ते बरोबर शिजलेलं असे. एवढ्या वर्षांत त्यांचा अंदाज चुकलेला मी फक्त दोनदा पाहिला. त्या दोन वेळा सांगायच्या म्हणूनच तर हे लिहायला बसले आहे.

त्याआधी परतीच्या प्रवासाबद्दल सांगायला हवं. जाताना भावजी बटाटे, अंडी, उसळ असे सुटसुटीत पदार्थ ठेवत. परत येताना मात्र राजमा, सुरण, बीट. घर जवळ यायला लागे, नोव्हायची पाटी दिसे, आणि भावजी म्हणत, "राजम्याला अजून वीस मैल आहेत." आणि पाटी मागे पडे. पोरं बोंब ठोकत. सुरेश म्हणे, "यार टिपणीस, घरी जाऊन गॅसवर ठेवू ना." भावजी म्हणत, "गॅसवर कसला राजमा होतो?" दहा मैल पुढे, दहा मैल मागे, आणि मग आमच्या दाराशी आम्ही अर्धमेल्या अवस्थेत राजमा उतरवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सोमवार, ऑफिस, पोरांच्या शाळा. मी मनात म्हणे, माणूस चांगला आहे पण अडेलतट्टू आहे.

एका हिवाळ्यात भावजींना फ्लू झाला. मी खिचडी घेऊन त्यांच्या घरी गेले. गरम करून द्यावी म्हणून स्वयंपाकघरात शिरले, तर शेगडीचे चारही बर्नर नव्यासारखे लखलखीत. ओट्यावर ब्रेडचं पाकीट, फ्रिजमध्ये दूध आणि मस्टर्ड म्हणतात त्या मोहरीच्या तयार चटणीची बाटली. पातेलं शोधायला कपाट उघडलं तर डबे, पळ्या, पातेली सगळं नीट रचलेलं आणि सगळ्यावर धुळीचा पातळ थर. एवढा आठ-आठ पुडक्यांचा स्वयंपाक करणारा माणूस घरी ब्रेडला ती चटणी लावून खात होता.

"एकट्यासाठी काय पेटवायचं, वहिनी," ते पांघरुणातून म्हणाले.

घरी येऊन मी सुरेशवर उखडले, की तुला हे माहीत होतं का. त्याला सगळं माहीत होतं. पुरुष एकमेकांबद्दल सगळं जाणून असतात आणि ते सांगण्यासारखं आहे हे त्यांना वाटत नाही. भावजींची बायको, वत्सलावहिनी, आईच्या आजारपणासाठी म्हणून मुलीला घेऊन ठाण्याला गेल्या होत्या. आई बरी झाली, वहिनी परत आल्या नाहीत. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. त्यांना इथली थंडी आणि इथली शांतता सोसत नव्हती, एवढंच. मुलगी, मृदुला, तेव्हा नऊ वर्षांची होती. त्यानंतर मला राजम्याचा राग आला नाही. नोव्हायची पाटी मागे पडताना दिसली की मी पोरांनाच गप्प करायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात भावजी आमच्याकडे आले ते उभ्या उभ्याच म्हणाले, "मृदुला येतेय. महिनाभर." ती सतरा वर्षांची झाली होती. पुढल्या वर्षी तिची बारावी संपणार होती, आणि ती इथे कॉलेजला यावी ही एकच गोष्ट त्यांना हवी होती. दुसरं काही ते कधी मागतील असं मला वाटत नाही.

आल्या आल्या कॅम्पिंगचा बेत ठरला. लहानपणी तिला वालाचं बिरडं आवडायचं. भावजी वालासाठी गाडी घेऊन शिकागोला जाऊन आले. वाल भिजवले, मोड आणले आणि सोलायला माझ्याकडे घेऊन आले, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या घरात बिरडं सोलताना गप्पा मारायला कोणी नव्हतं. एकेक दाणा सोलताना ते मला विचारत होते. तिला खोबरं जास्त आवडतं की कमी? आता तिखट खात असेल का? जसं काही मला माहीत असणार होतं.

ट्रिपला निघालो. मृदुला पुढच्या सीटवर, कानाला वॉकमन. उंच, सावळी, भावजींसारखंच रुंद कपाळ. भावजी बोलायला लागले ते थांबेनात. मॅनिफोल्डबद्दल, पंचावन्न मैलांबद्दल, लसूण-पोलिसाबद्दल, मिशिगनच्या चेरींबद्दल. ती मधून मधून एका कानाचा वॉकमन बाजूला करून "हं" म्हणे. रेस्ट एरियात मी तिला बाथरूम दाखवायला घेऊन गेले तेव्हा तिने विचारलं, "काकू, बाबा नेहमी इतके बोलतात?"

"नाही गं," मी म्हटलं. "आज आठ वर्षांचं एकदम बोलताहेत."

तळ्याकाठी पोचल्यावर भावजींनी बॉनेट उघडलं, बिरड्याचा डबा काढला, झाकण उघडलं आणि तसेच उभे राहिले. बिरडं करपलं होतं. बोलण्याच्या नादात त्यांनी ना मीटर पाहिला होता ना स्पीड. तळाला काळा थर, वर कोरडे पडलेले वाल. पहिल्यांदा अंदाज चुकला तो हा. भावजी डबा घेऊन कचऱ्याच्या पिंपाकडे निघाले.

मृदुलाने त्यांच्या हातातून डबा घेतला. टेबलाशी बसून चमच्याने काळ्या थरावरचं बिरडं काढून खाल्लं. आणखी एक चमचा खाल्ला. मग म्हणाली, "घरच्यासारखं लागतंय. आईचं नेहमी करपतं."

"अजून?" भावजींनी विचारलं.

"अजून."

भावजी खो खो हसायला लागले. मीही हसले, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी धुरावर ढकललं. चूल अजून पेटवलेली नव्हती.

त्या दिवसापासून वॉकमन तंबूतच राहिला. सकाळच्या तळ्याच्या चकरेला ती बापाबरोबर जायला लागली. परत आले की दोघं बॉनेटखाली डोकी घालून उभे. कुठल्या जागी जास्त तापतं, कुठे हळूहळू शिजतं, फॉइलची घडी कशी घालायची, हे तिने भराभर उचललं. "रताळी नव्वद? एवढी?" ती विचारत होती. "अख्खी ठेवली तर नव्वद," भावजी सांगत होते, "आणि मध्ये उघडायचं नाही. कच्चं उतरवायचं नाही." कॉलेजचा विषय इतका महत्त्वाचा, आणि तो तेवढा कुणी काढत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भावजी माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही विचारा ना तिला. येणार का ती इकडे."

कॅम्पमधल्या नळावर भांडी घासताना मी विचारलं. मृदुला डबा घासत राहिली. मग म्हणाली, "काकू, ते तुम्हाला विचारायला सांगतात. मला नाही विचारत. दर महिन्याला फोन करतात. तीन मिनिटांत दोन मिनिटं हवामान. स्नो किती पडला, आज किती डिग्री आहे. आठ वर्षांत एकदासुद्धा 'ये' म्हणाले नाहीत. त्यांना मी हवीय का, हे मला कसं कळणार?"

मी जाऊन भावजींना जसंच्या तसं सांगितलं. "तुम्हीच विचारा," म्हटलं. "एक अक्षर तर आहे."

ते तळ्याकडे बघत राहिले. "आणि नाही म्हणाली तर? आत्ता निदान विचारलं नाही म्हणून येत नाही, असं तरी म्हणता येतं."

ट्रिप संपली, महिना संपला, भावजींनी विचारलं नाही. जायचा दिवस उजाडला. विमान संध्याकाळी पाचचं. नोव्हायहून एअरपोर्ट जेमतेम पंचवीस-तीस मैल. निरोप द्यायला आम्ही दोघंही जाणार होतो, पोरं शेजारी ठेवली होती. आम्ही बाराच्या सुमाराला सहज भावजींकडे डोकावलो, तर मृदुला बॅगा गाडीत ठेवून दाराशी उभी.

"आत्तापासून जाऊन काय करणार?" भावजी म्हणाले. "अर्ध्या तासाचा तर रस्ता."

"मी जाळीवर रताळी ठेवलीत, बाबा," मृदुला म्हणाली. "अख्खी."

भावजींनी तिच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. आत गेले आणि किल्ली घेऊन आले. कॉलनीच्या तोंडाशी एअरपोर्टसाठी एकीकडे वळायला लागतं, ते दुसरीकडे वळले. सुरेश काही बोलायला गेला, मी त्याच्या मांडीला चिमटा घेतला.

लॅन्सिंगच्या बाजूला बरंच आत जाऊन, मग वळसा घेऊन आम्ही खाली आलो. गाडी पंचावन्नला. मृदुला बोलत होती, ठाण्याच्या शाळेबद्दल, आईच्या भजनी मंडळाबद्दल, शेजारच्या कुत्र्याबद्दल. भावजी "हं" म्हणत होते. पंच्याऐंशी मैलांना रताळ्यांचा गोड वास गाडीत यायला लागला. नव्वद झाले तेव्हा आम्ही एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये होतो, आणि विमानाला अजून तीन तास होते.

भावजींनी हातमोजे चढवले, बॉनेट उघडलं. आम्ही सगळे भोवती. फॉइलच्या घड्यांतून पाक पाझरून जाळीवर पडत होता. मी वाकून एका पुडक्याला रुमालाने दाबलं, तर माझं बोट आत रुतलं. रताळी झाली होती. इतकी झाली होती की आणखी पाच मैल गेलो असतो तर वाहून गेली असती.

भावजींनी एक पुडकं उचललं, दाबलं, परत ठेवलं.

"कच्ची आहेत," ते म्हणाले.

मृदुलाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने दुसरं पुडकं दाबलं. तिच्या अंगठ्याला पाक लागला, तो तिने जीन्सला पुसला.

"हो, बाबा. कच्चीच आहेत."

सुरेशने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कच्ची आहेत, बस गाडीत." भावजींनी बॉनेट लावलं आणि आम्ही पार्किंगचे पैसे भरून पुन्हा हायवेला लागलो, टोलीडोच्या दिशेने. आता मृदुला बोलत नव्हती. भावजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. करपल्याचा वास यायला लागला होता. पाच मैल गेले, दहा गेले.

"मृदुला," भावजी समोर बघतच म्हणाले, "पुढच्या वर्षी ये. इथे राहा. मला फार बरं वाटेल."

तिने खिडकीची काच खाली केली, बाहेर बघितलं, परत वर केली.

"येईन," ती म्हणाली. आणि मग, "किती मैल लागले तुम्हाला."

भावजींनी मान हलवली. पुढल्या एक्झिटला गाडी परत एअरपोर्टकडे वळवली. पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं तेव्हा रताळ्यांचा लगदा झाला होता आणि त्याची खालची बाजू फॉइलला चिकटून काळी पडली होती. आम्ही चौघांनी तो उभ्या उभ्या बोटांनी खाल्ला. रताळ्यांवर घालायची मिठाची पुडी घरी राहिली होती, ते घरी परत आल्यावर आमच्या लक्षात आलं.